आश्वासन आधी, तपासणी नंतर : पेर्गाऊ धरणाच्या मदतीचं प्रकरण

परदेशांना विकासासाठी मदत देणाऱ्या सरकारी खात्यात अर्थशास्त्रज्ञ असतात, अभियंते असतात, प्रकल्प पारखून घेण्याची ठरलेली पद्धत असते. तरीही चुकीच्या कामाला पैसा गेला की आपण सहसा धरून चालतो, कुणाच्या लक्षात आलं नसेल. मलेशियातल्या पेर्गाऊ धरणाला ब्रिटनने दिलेल्या मदतीत नेमकं उलट घडलं. खात्याच्या सगळं लक्षात आलं होतं. हा प्रकल्प घाट्याचा आहे, हे खात्याच्या तज्ज्ञांनी आकड्यांनिशी मांडलं होतं आणि खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने मंत्र्यांना लेखी कळवलं होतं. एवढं होऊनही ब्रिटिश करदात्यांच्या २३.४ कोटी पौंडांची हमी दिली गेली. त्या काळच्या व्यापारसंलग्न मदत योजनेत एका प्रकल्पाला मिळालेली ही सर्वांत मोठी रक्कम होती.

म्हणून हे प्रकरण मला अज्ञानापेक्षा क्रमाचं वाटतं. कोणतं पाऊल आधी पडलं आणि कोणतं नंतर, शब्द कुणी दिला आणि पैसे कुणाच्या खिशातून जायचे होते, यातच त्याची किल्ली आहे.

खातं आणि त्याची जागा

ब्रिटनमध्ये १९६४ साली परदेशी विकासासाठी स्वतंत्र मंत्रालय झालं. बार्बरा कासल त्याच्या पहिल्या मंत्री. पुढे सरकार बदललं की या मंत्रालयाचं स्थान बदलत राहिलं: मजूर पक्ष आला की स्वतंत्र, हुजूर पक्ष आला की परराष्ट्र खात्याच्या पोटात. १९७९ साली मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या आणि ते पुन्हा परराष्ट्र खात्याचा विभाग झालं. नाव होतं ओव्हरसीज डेव्हलपमेंट ॲडमिनिस्ट्रेशन, लोकांच्या तोंडी ओडीए. या विभागाला स्वतःचा राज्यमंत्री होता, पण मंत्रिमंडळात खुर्ची नव्हती. शेवटचा शब्द परराष्ट्रमंत्र्यांचा.

ओडीएच्या तिजोरीतच एक वेगळा कप्पा होता, एड अँड ट्रेड प्रोव्हिजन, म्हणजे एटीपी. १९७७ साली मजूर पक्षाच्या सरकारने तो सुरू केला. फ्रान्स आणि जपान आपल्या कंपन्यांना परदेशी कंत्राटं मिळावीत म्हणून व्यापारी कर्जात मदतीचा पैसा मिसळून ते स्वस्त करत होते. ब्रिटिश कंपन्यांची तक्रार होती की आपण अशाने मागे पडतो. एटीपी हे त्यावरचं उत्तर होतं. कंपनीने व्यापार खात्याकडे अर्ज करायचा, व्यापार खात्याने तो पुढे रेटायचा, ओडीएने विकासाच्या दृष्टीने तपासायचा आणि मंजूर झाल्यावर पैसे ओडीएच्या अंदाजपत्रकातून जायचे.

या रचनेपाशी थोडं थांबायला हवं. प्रकल्प सुचवायचा कंपनीने, त्याची बाजू घ्यायची व्यापार खात्याने आणि भार सोसायचा मदत खात्याने. ज्याला प्रकल्प हवा आहे त्याच्या गंगाजळीला झळ लागत नाही आणि ज्याची गंगाजळी रिकामी होते त्याने तो प्रकल्प निवडलेला नसतो. अशा व्यवस्थेत तपासणी करणारा माणूस कायम अडवणूक करणाऱ्याच्या भूमिकेत जातो. 'विकासाची मदत' म्हणून दिलेल्या पैशाने देणाऱ्या देशाचाच माल आणि सेवा घ्यायची अट घालणं, म्हणजे बांधील मदत, ही काही एकट्या ब्रिटनची गोष्ट नव्हे. बहुतेक देणगीदार देशांनी कमीजास्त प्रमाणात हे केलं आहे.

वीस टक्क्यांचा कागद

ब्रिटन आणि मलेशिया यांचे संबंध १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बिघडले होते. ब्रिटनने परदेशी विद्यार्थ्यांची फी वाढवली होती. मलेशियाने गुथ्री या रबर आणि पामच्या मळ्यांच्या कंपनीचे समभाग लंडनच्या बाजारात झटपट विकत घेतल्यावर तिथले नियम बदलले गेले होते. मलेशियाच्या पंतप्रधानपदी नुकतेच आलेल्या महाथीर मोहमद यांनी १९८१ मध्ये 'ब्रिटिश माल सर्वांत शेवटी' हे धोरण जाहीर केलं. थॅचर १९८५ साली क्वालालंपूरला जाऊन आल्यावर गाडी रुळावर येऊ लागली. मोठ्या संरक्षण खरेदीची बोलणी सुरू झाली ती या पार्श्वभूमीवर.

मार्च १९८८ मध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री जॉर्ज यंगर मलेशियात गेले आणि तिथे एका मसुद्यावर त्यांनी सही केली. मलेशिया ब्रिटनकडून शस्त्रसामग्री घेणार आणि ब्रिटन त्या खरेदीच्या सुमारे २० टक्के एवढी मदत बिगरलष्करी कामांसाठी देणार, असा त्याचा आशय होता. म्हणजे मदतीचा आकडा शस्त्रखरेदीच्या आकड्यावरून ठरणार. परदेशी मदतीचा ब्रिटिश कायदा आणि श्रीमंत देशांनी आपापसांत ठरवलेली विकासमदतीची व्याख्या, दोन्हींच्या हे विरुद्ध होतं. आणि ज्या ओडीएच्या खात्यातून हा पैसा जायचा, त्याला विचारलेलंही नव्हतं.

लंडनमध्ये हे कळल्यावर परराष्ट्र खात्यात खळबळ उडाली. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जेफ्री हाउ यांनी हरकत घेतली. जून १९८८ मध्ये मलेशियाला कळवण्यात आलं की शस्त्रविक्रीशी मदतीची सांगड घालता येणार नाही. पण त्याच सुमारास वेगळ्या पत्राने २० कोटी पौंडांपर्यंतच्या मदतीची तयारीही दाखवण्यात आली. शस्त्रखरेदी १०० कोटींच्या घरातली धरली जात होती. तिचे वीस टक्के म्हणजे हाच आकडा. दोन पत्रं वेगळी असली तरी घेणाऱ्याने त्यातून काय समजायचं ते समजून घेतलं. सप्टेंबरमध्ये थॅचर आणि महाथीर यांनी संरक्षण खरेदीच्या सामंजस्य करारावर सह्या केल्या. त्यात मदतीचा उल्लेख नव्हता. पुढे १९९० च्या अखेरीस मलेशियाने ब्रिटनकडून २८ हॉक लष्करी विमानं मागवली.

हा भाग पुढच्या घटना समजण्यासाठी महत्त्वाचा आहे. पेर्गाऊचा अर्ज आला तेव्हा तो कोऱ्या पाटीवर आला नव्हता. मलेशियाला एटीपीतून मोठी रक्कम द्यायची हे वरच्या पातळीवर ठरलेलं होतं आणि त्या रकमेला प्रकल्प शोधायचा बाकी होता.

दोन आठवड्यांची घाई

पेर्गाऊ ही केलांतान राज्यातली नदी, थायलंडच्या सीमेजवळच्या डोंगराळ भागातली. तिथे ६०० मेगावॉटचं जलविद्युत केंद्र उभारायचं मलेशियाच्या वीज मंडळाच्या मनात होतं. १९८८ च्या उत्तरार्धात बाल्फोर बीटी आणि सिमेंटेशन या ब्रिटिश बांधकाम कंपन्यांच्या गटाने या कामासाठी एटीपीकडे अर्ज केला. खर्चाचा अंदाज ३१.६ कोटी पौंड. स्पर्धात्मक निविदा नव्हत्या. मदत ब्रिटिश आहे म्हणून कंत्राटदार ब्रिटिश आणि तेही ठरलेले.

मार्च १९८९ मध्ये महाथीर लंडनला येणार होते. त्यांच्या हाती काहीतरी ठोस द्यायचं होतं. म्हणून ओडीएने घाईघाईने एक पथक मलेशियाला पाठवलं, थोड्या दिवसांत काम उरकलं आणि अहवाल दिला: ३१.६ कोटींना हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या कसाबसा काठावर आहे. १५ मार्चला थॅचर यांनी महाथीरना तोंडी आश्वासन दिलं, ६.८२५ कोटी पौंडांपर्यंत अनुदान, म्हणजे ब्रिटिश हिश्शाच्या १९.५ कोटींच्या ३५ टक्के. पुढच्या आर्थिक तपासणीच्या अधीन राहून, अशी अट त्याला होती.

दोन आठवडे उलटले नाहीत तोच कंपन्यांनी किंमत ३९.७ कोटी पौंड असल्याचं कळवलं. पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढ. तरीही एप्रिलमध्ये त्या आश्वासनाचं औपचारिक पत्र गेलं.

इथे मला खात्याची खरी चूक दिसते आणि ती छोटी नाही. पुढे १९९१ मध्ये ओडीएच्या अधिकाऱ्यांनी जो ठामपणा दाखवला त्याचं कौतुक होतं आणि ते योग्यच आहे. पण मार्च १९८९ मध्ये त्यांनी 'काठावर' असा निष्कर्ष काढून दिला नसता, किंवा 'इतक्या थोड्या वेळात मत देता येत नाही' असं सांगितलं असतं, तर पंतप्रधानांच्या तोंडी आश्वासनाला तांत्रिक आधार मिळाला नसता. मोठ्या धरणात भूगर्भाचे धोके असतात, बोगद्यांचा खर्च वाढतो, वेळापत्रक लांबतं. पक्की किंमत हाती नसताना काठावरच्या प्रकल्पाला होकार देणं म्हणजे जवळजवळ नकाराच्या प्रकल्पालाच होकार देणं. शिवाय 'तपासणीच्या अधीन' ही अट कागदावर राहते. एका पंतप्रधानाने दुसऱ्याला समोरासमोर दिलेला शब्द सगळ्यांच्या लक्षात राहतो. नंतरच्या दोन वर्षांत जेव्हा जेव्हा प्रकल्प थांबवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा तेव्हा त्या अटीपेक्षा तो शब्दच जड ठरला.

धरण की गॅस

फेब्रुवारी १९९० पर्यंत ओडीएच्या अर्थशास्त्रज्ञांनी नीट अभ्यास पूर्ण केला. निष्कर्ष स्पष्ट होता. नव्या किमतीला पेर्गाऊ हा फार वाईट सौदा होता. मलेशियाच्या वीज ग्राहकांना ३५ वर्षांत १० कोटी पौंडांहून जास्त बोजा पडणार होता.

हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे, कारण जलविद्युत म्हणजे स्वस्त वीज असं आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. पेर्गाऊची क्षमता ६०० मेगावॉट असली तरी चोवीस तास यंत्रं फिरवण्याइतकं पाणी तिथे नव्हतं. हे केंद्र मागणी सर्वाधिक असते त्या थोड्या तासांपुरतं चालवायचं होतं. अशा कामाला दुसरा पर्याय गॅस टर्बाइनचा असतो. टर्बाइन उभारायला स्वस्त, चालवायला महाग. पण रोज थोडेच तास चालवायचं असेल तर इंधनाचा खर्च फार चढत नाही. मलेशियाकडे तर स्वतःचा नैसर्गिक वायू होता. धरणाचं गणित याच्या उलट असतं. जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच होतो आणि फायदा अनेक दशकांत थेंबाथेंबाने येतो. त्यामुळे बांधकामाची किंमत पंचवीस टक्क्यांनी वाढली तर गॅसच्या तुलनेत धरण पार मागे पडतं. आणि आज पैसा गुंतवण्याऐवजी काही वर्षं थांबून, मागणी वाढल्यावर धरण बांधणं शहाणपणाचं ठरतं. ओडीएचं म्हणणं नेमकं तेच होतं: हे धरण कधीच बांधू नका असं नाही, आता बांधू नका.

मग मलेशियाला ते का हवं होतं? मलेशियाच्या बाजूने पाहिलं तर ते अगदी अतार्किक नव्हतं. धरणाचा बराचसा खर्च नाममात्र व्याजाने मिळणार असेल तर वीज कंपनीच्या वहीत तो प्रकल्प बरा दिसतो. तोट्याचा काही भाग ब्रिटिश करदात्यावर सरकतो. गॅस वाचवून निर्यात करावा, उर्जेचे स्रोत एकाहून अधिक असावेत, मागास भागात मोठं काम व्हावं, या इच्छाही खोट्या नव्हत्या. केलांतान हे मलेशियाच्या गरीब राज्यांपैकी एक आहे. पण मदत खात्याने उत्तर द्यायचा प्रश्न वेगळा होता. मलेशियासाठी म्हणून एवढा पैसा बाजूला ठेवलाच असेल, तर त्यातून मलेशियाच्या लोकांचं सर्वांत जास्त भलं कशात आहे? या प्रश्नाला पेर्गाऊ हे उत्तर नव्हतं. आणि मलेशिया तोपर्यंत मध्यम उत्पन्नाचा, वेगाने वाढणारा देश झाला होता. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण आशियातल्या कितीतरी गरीब देशांची गरज त्याहून मोठी होती, हेही विसरता येत नाही.

सचिवांचं टिपण

टिम लँकेस्टर हे १९८९ साली ओडीएचे प्रमुख सचिव झाले. त्याआधी ते थॅचर यांच्या कार्यालयात आर्थिक विषयांचे खासगी सचिव होते. म्हणजे ज्या पंतप्रधानांनी शब्द दिला होता त्यांची कामाची पद्धत त्यांनी जवळून पाहिली होती. ब्रिटिश पद्धतीत खात्याचा प्रमुख सचिव हा 'अकाउंटिंग ऑफिसर'ही असतो. खात्याचा पैसा नियमाने, काटकसरीने आणि उपयोगी पद्धतीने खर्च झाला की नाही, याचं उत्तर त्याला संसदेपुढे व्यक्तिशः द्यावं लागतं. मंत्र्याने उधळपट्टीचा निर्णय घ्यायचं ठरवलं तर सचिवाने लेखी हरकत घ्यायची आणि तरीही खर्च करायचा असेल तर मंत्र्याकडून लेखी आदेश मागायचा, अशी व्यवस्था आहे. आदेश मिळाला की सचिव तो पाळतो, पण जबाबदारी मंत्र्याच्या नावावर नोंदली जाते.

फेब्रुवारी १९९१ मध्ये लँकेस्टर यांनी मंत्र्यांना टिपण पाठवलं. आर्थिकदृष्ट्या हा प्रकल्प निःसंशय वाईट आहे, या मदतीसाठी पैसा देणं सरकारने मदतीच्या उद्दिष्टांबद्दल संसदेत जे सांगितलं आहे त्याच्याशी जुळत नाही, असं त्यात मांडलं होतं. ओडीएच्या राज्यमंत्री लिंडा चॉकर याही प्रकल्पाच्या बाजूने नव्हत्या. दुसऱ्या पारड्यात होती व्यापार आणि संरक्षण ही खाती, आणि क्वालालंपूरमधल्या उच्चायुक्तालयाचं मत: माघार घेतली तर संबंध बिघडतील, कंत्राटं जातील, पंतप्रधानांचा शब्द पोकळ ठरेल.

थॅचर नोव्हेंबर १९९० मध्ये पायउतार झाल्या होत्या आणि जॉन मेजर पंतप्रधान होते. परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस मंजुरीच्या बाजूने निर्णय दिला. मेजर यांचा त्याला पाठिंबा होता. लँकेस्टर यांनी करारावर सह्या होण्याआधी लेखी आदेश मागितला आणि तो मिळाला. ओडीएच्या इतिहासात सचिवाने असा आदेश मागण्याची ती पहिलीच वेळ होती.

जुलै १९९१ मध्ये करार झाला. मूळ अनुदानाचं रूप आता पालटलं होतं. मलेशियाला बँकांकडून ३०.६ कोटी पौंडांचं कर्ज मिळणार, मलेशिया त्यावर एक टक्क्याहूनही कमी व्याज भरणार आणि बाजारदराशी असलेला फरक ओडीए १४ वर्षं भरत राहणार. त्या फरकाची बेरीज म्हणजे ते २३.४ कोटी. या पद्धतीचा प्रशासकीय परिणाम सहज नजरेतून सुटतो. एकरकमी अनुदान दिलं असतं तर एका वर्षाच्या अंदाजपत्रकात मोठं भगदाड दिसलं असतं आणि कुणीतरी प्रश्न विचारला असता. हप्त्याहप्त्याने दिल्यामुळे दरवर्षीचा आकडा सोसण्याजोगा दिसतो, पण पुढच्या चौदा वर्षांत येणाऱ्या मंत्र्यांचे आणि सचिवांचे हात आजच बांधले जातात.

हर्ड यांच्या बाजूने एक गोष्ट म्हणायला हवी. ते वैयक्तिक लाभासाठी काही करत नव्हते. दिलेला शब्द आणि हजारो कामगारांचा रोजगार अवलंबून असलेले संबंध, हे परराष्ट्रमंत्र्याने तोलायचेच असतात. अडचण एवढीच की ते संबंध सांभाळण्यासाठी त्यांनी जो पैसा वापरला तो संसदेने दुसऱ्या हेतूसाठी दिलेला होता. परराष्ट्र खात्याच्या किंवा व्यापार खात्याच्या नावावर हाच खर्च मागितला असता तर संसदेत त्याची खुली चर्चा झाली असती. कदाचित तो मंजूरही झाला असता.

कागद बाहेर येतात

धरणाचं काम सुरू झालं आणि दोन वर्षं फारसं कुणी बोललं नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने अहवाल प्रसिद्ध केला. सचिवाची हरकत आणि मंत्र्याचा आदेश प्रथमच लोकांपुढे आला. जानेवारी १९९४ मध्ये लँकेस्टर लोकलेखा समितीपुढे गेले आणि हा मदत कार्यक्रमाचा गैरवापर होता असं आपलं तेव्हाचं मत असल्याचं त्यांनी सांगितलं. कार्यरत सचिवाने असं उघडपणे बोलणं ब्रिटनमध्येही दुर्मीळच. त्यानंतर परराष्ट्र व्यवहार समितीने वेगळी चौकशी लावली आणि १९८८ चा वीस टक्क्यांचा मसुदा उजेडात आला. त्या वर्षी काही काळ शस्त्रं आणि मदत यांची चुकीची गुंतागुंत झाली होती, हे हर्ड यांनी मान्य केलं.

ब्रिटिश वर्तमानपत्रांत मलेशियातल्या कंत्राटांबद्दल लाचखोरीच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा मलेशिया संतापला. फेब्रुवारी १९९४ मध्ये सरकारी कंत्राटांतून ब्रिटिश कंपन्यांना वगळण्याची घोषणा झाली. बंदी सप्टेंबरमध्ये उठली. ज्या सद्भावनेसाठी २३.४ कोटी पौंड खर्चायचे होते ती सद्भावना पैसे पूर्ण पोचायच्या आतच अशी मोडली.

याच काळात वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट ही लंडनची स्वयंसेवी संस्था उच्च न्यायालयात गेली. गरिबी आणि मदत या विषयांवर ती अनेक वर्षं काम करत होती. पेर्गाऊत तिचा स्वतःचा काही आर्थिक संबंध नव्हता, म्हणून तिला दावा लावण्याचा अधिकारच नाही, असा सरकारचा पवित्रा होता. न्यायालयाने तो मानला नाही. विषय महत्त्वाचा आहे, कायद्याचं राज्य राखायचं आहे, या संस्थेचं या क्षेत्रातलं काम मोठं आहे आणि तिच्याशिवाय दुसरं कुणी जबाबदारीने हा प्रश्न आणेल असं दिसत नाही, ही कारणं न्यायालयाने दिली. शेवटचं कारण मला फार खरं वाटतं. परदेशी मदतीत नुकसान ज्यांचं होतं ते मलेशियातले वीज ग्राहक असतात, किंवा जिथे तो पैसा जाऊ शकला असता त्या तिसऱ्याच देशातले गरीब. लंडनच्या न्यायालयाची पायरी त्यांच्यापैकी कोण चढणार होतं?

१० नोव्हेंबर १९९४ ला निकाल लागला. लॉर्ड जस्टिस रोझ यांनी १९८० च्या परदेशी विकास आणि सहकार्य कायद्याचं पहिलं कलम समोर ठेवलं. दुसऱ्या देशाच्या विकासाला चालना देण्यासाठी, किंवा त्याची अर्थव्यवस्था टिकवण्यासाठी, किंवा तिथल्या लोकांच्या कल्याणासाठी मदत देण्याचा अधिकार हे कलम परराष्ट्रमंत्र्यांना देतं. सरकारचं म्हणणं, प्रकल्प आर्थिकदृष्ट्या भक्कम असावा असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. न्यायालयाचं उत्तर असं होतं की बुडीत कामावर पैसा खर्च करायची मुभा द्यायची असती तर संसदेने तसं स्पष्ट म्हटलं असतं. विकासाचा हेतू एकदा पक्का असेल तर राजकीय आणि व्यापारी गोष्टी विचारात घ्यायला हरकत नाही. पण तो हेतूच नसेल तर बाकीची कारणं कितीही मोठी असली तरी या कायद्याखाली पैसा देता येत नाही. जुलै १९९१ चा निर्णय बेकायदा ठरला.

काही कायदेपंडितांना हा निकाल न्यायालयाने मंत्र्यांच्या क्षेत्रात पाय टाकल्यासारखा वाटला. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. न्यायाधीशांनी स्वतः धरणाचं अर्थशास्त्र तपासलं नाही, त्यांना त्याची गरजच पडली नाही. ते काम ओडीएच्या अर्थशास्त्रज्ञांनी करून ठेवलं होतं आणि लँकेस्टर यांच्या टिपणाने ते मंत्र्यांपर्यंत पोचल्याचं सिद्ध होतं. ते टिपण नसतं तर मंत्र्यांना म्हणता आलं असतं की तज्ज्ञांत मतभेद होते. १९९१ मध्ये हरलेला कागद १९९४ मध्ये सर्वांत मोठा पुरावा ठरला. आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. लँकेस्टर यांची हरकत पैशाच्या वाया जाण्याबद्दल होती, कायदा मोडला जातोय असा मुद्दा त्या वेळी कुणी पुढे आणला नाही. इतक्या मोठ्या निर्णयाआधी खात्यात कुणीही कायदेशीर सल्ला घेतला नव्हता.

नंतरचे बदल

सरकारने अपील केलं नाही. डिसेंबरमध्ये हर्ड यांनी जाहीर केलं की मलेशियाशी झालेला करार पाळला जाईल, पण पैसा मदतीच्या अंदाजपत्रकातून जाणार नाही. याच कसोटीवर पाहिल्यावर आणखी तीन प्रकल्प नापास झाले. म्हणजे पेर्गाऊ हा अपवाद नव्हता. बाहेर बघता, श्रीमंत देशांच्या संघटनेने १९९२ पासून बांधील मदतीवर मर्यादा आणल्याच होत्या. बाजारातून कर्ज मिळू शकेल अशा कमावत्या प्रकल्पांना आणि तुलनेने संपन्न देशांना मदतीची मिसळ असलेलं कर्ज देऊ नये, असा तो नियम.

१९९७ साली टोनी ब्लेअर यांचं सरकार आलं आणि मदतीचं काम परराष्ट्र खात्यातून बाहेर काढून डिपार्टमेंट फॉर इंटरनॅशनल डेव्हलपमेंट, म्हणजे डीएफआयडी, हे स्वतंत्र खातं झालं. क्लेअर शॉर्ट त्याच्या मंत्री, मंत्रिमंडळात स्वतःच्या खुर्चीसह. एटीपी बंद झाली. २००१ पासून ब्रिटनने आपली मदत बांधील ठेवणं सोडलं. २००२ च्या आंतरराष्ट्रीय विकास कायद्याने हेतू आणखी घट्ट केला: ही मदत गरिबी कमी व्हायला हातभार लावण्याची शक्यता आहे, अशी मंत्र्याची खात्री असली पाहिजे. पेर्गाऊच्या खटल्यात न्यायालयाला जे ओळींमधून वाचावं लागलं होतं ते संसदेने आता ओळीत लिहिलं.

सप्टेंबर २०२० मध्ये डीएफआयडी बंद करून मदतीचं काम पुन्हा परराष्ट्र खात्यात विलीन करण्यात आलं. एकाच खात्यात मुत्सद्देगिरी आणि मदत असावी, यामागे कारणं आहेत. दोन खाती एकाच देशात दोन तऱ्हेने बोलू नयेत, हे त्यातलं सर्वांत पटण्याजोगं. मात्र १९८९ मध्ये प्रश्न सुसूत्रतेचा नव्हता. पंतप्रधानांच्या भेटीची तारीख ठरलेली असताना 'आम्हाला आणखी तीन महिने लागतील' असं म्हणायची ताकद मदत खात्याकडे नव्हती. २००२ च्या कायद्यातलं गरिबीचं कलम मंत्र्याला स्वतःची खात्री करून घ्यायला सांगतं. ती खात्री किती दिवसांच्या पाहणीवर उभी असावी, आश्वासन देण्याआधी ती झालीच पाहिजे का, किंमत एका मर्यादेपलीकडे वाढली तर ते आश्वासन आपोआप रद्द व्हावं का, यातलं काहीच ते कलम सांगत नाही. ते खात्याच्या अंतर्गत नियमांवर आणि त्या खुर्चीवर बसलेल्या माणसावर सोडलेलं आहे.